पंचनाम्यात दिसलं तेवढंच लिहायचं, की ३३ टक्के?

काठावरचा: सप्टेंबर २०२५ला सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवची शेतं धुऊन नेली, तेव्हापासून हे डोक्यात आहे. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात, सोयाबीन २८ टक्के गेलेलं दिसतं. माझं मत स्पष्ट आहे, दिसलं तेच लिहावं.

कोरडवाहू: २८ कोणत्या काट्यावर मोजले, दादा? सगळा नजरअंदाज. २०१५पर्यंत अट ५० टक्क्यांची होती. म्हणजे तेव्हा ज्याचं ४० टक्के गेलं, तो सरकारी हिशेबात धडधाकट! केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, तेही दोन हेक्टरपर्यंत. बियाणं, खत, फवारणीसुद्धा निघत नाही. पाच टक्के वर सरकवले तर कोणाचं घर बुडालं?

काठावरचा: ज्याचं खरंच सगळं गेलं त्याचं. अख्ख्या गावाला सरसकट ८० टक्के लावले की त्याचं नुकसान यादीत उठून कसं दिसणार? आणि वाट्याने कसणारा त्या यादीत नसतोच, कारण सातबारा मालकाचा. त्याच्यासाठी कोणी आकडा सरकवत नाही.

माजी_महसूल: तुम्ही दोघं फुगवण्यावरच अडलात. मला नोकरीत उलटं ऐकावं लागलं: ‘बाधित क्षेत्र फार दिसतंय, पुन्हा बघा.’ लेखी काही नाही, फक्त फोन. सरपंच म्हणणार सगळं घ्या, वरून म्हणणार कमी करा, आणि सही तलाठ्याची. मी शेऱ्यात लिहून ठेवायचो: अमुक तारखेला पाहणी, शेतात पाणी, आत जाता आलं नाही. चौकशी लागली की तोच कागद तारतो.

कोरडवाहू: काका, कागदाने तुम्ही तरलात. शेतकऱ्याचं काय?

माजी_महसूल: तेही सांगतो. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला नाही म्हणून एक गाव अतिवृष्टीतून वगळलं होतं. पर्जन्यमापक लांब, तिथे रिमझिम; इकडे नाला फुटलेला. अशाच शेऱ्यांवर प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात एक जरी आकडा बनावट निघाला असता तर फेरतपासणीत अख्खं गाव बाद.

कोरडवाहू: आणि पैसे कधी आले?

माजी_महसूल: रब्बीची पेरणी उरकल्यावर. पण तो उशीर खऱ्या आकड्यांनी केला नाही, फाईल टेबलांवर पडून होती.

कोरडवाहू: सावकाराला हा फरक सांगून बघा.