कॅलिबरला 'बोअर' म्हणावं का?

सातरस्ता: लांब पल्ल्याच्या नेमबाजीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. प्रश्न असा, की १००० यार्डांवर वारा असताना रायफलीचं .३०८ विंचेस्टर हे कॅलिबर बरं की ६.५ क्रीडमूर? 'कॅलिबर'ला, म्हणजे नळीच्या मापाला, मी सगळीकडे 'बोअर' लिहिलं. आमच्या बार्शीकडं बाराबोअर पोरासोरांच्याही तोंडात आहे. पण रायफल चालवणाऱ्या मित्रानं तो शब्द दरवेळी खोडलाय. का?

जुळे_सोलापूर: ताई, मित्राचं बरोबर आहे. बाराबोअरमधले बारा म्हणजे मिलिमीटर नव्हेत. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यायची, तशा बारांचं वजन एक पौंड. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. कॅलिबरमध्ये आकडा मोठा तर नळी मोठी.

पूर्वभाग: अहो, हे तर सुताच्या काउंटसारखं! ८४० यार्डांची एक लडी, अशा वीस लड्या पौंडात बसल्या की वीस काउंट. आकडा वाढला की सूत बारीक. वडील गिरणीत होते, नुसतं चिमटीत फिरवून काउंट सांगायचे.

सातरस्ता: मग .३१५च्या रायफलीला लोक 'तीनशे पंधरा बोअर' म्हणतात ते? परवान्याच्या भाषेतही 'प्रोहिबिटेड बोअर' आहेच.

शुद्धमराठी: परवान्याची भाषा इंग्रजांची. सरळ 'नळीव्यास' लिहा.

जुळे_सोलापूर: सर, कुठला व्यास? नळीत पिळाच्या खाचा असतात. ७.६२ मिमी हा खाचांमधल्या उंचवट्यांवरचा, .३०८ इंच म्हणजे ७.८२ मिमी हा खाचांच्या तळाचा. रायफल तीच. ६.५ची गोळी मोजा, ६.७ भरते. शिवाय .३०८ आणि .३०० विन मॅग्नम, दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, पण दारू कमीजास्त, धक्का वेगळा. ताईंचा लेख खरा काडतुसाबद्दल आहे. 'काडतूस' लिहा.

शुद्धमराठी: काडतूस पोर्तुगीज!

पूर्वभाग: बटाटा, पाव, चावी पण पोर्तुगीजच. घरातनं काढणार का सर?

सातरस्ता: काडतूस पटलं. आता वाऱ्यानं गोळी बाजूला जाते, त्याला काय? 'वातविचलन' लिहिलंय, पण वाचवत नाही.

जुळे_सोलापूर: आम्ही 'वारा लागला' म्हणतो. कुणाला किती लागतो, तेच तर लेखाचं उत्तर. जाडीपेक्षा गोळी किती लांबट, निमुळती आहे आणि वेग किती टिकवते, यावर ते ठरतं. त्यामुळे १००० यार्डांवर ६.५ला .३०८पेक्षा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कमी लागतो. मात्र ६.५च्या रायफलीची नळी लवकर झिजते.

शुद्धमराठी: 'वारा लागला' हे बाळंतिणीला म्हणतात. 'वातविचलन' अचूक आहे.

पूर्वभाग: पिकालाही वारा लागतो सर, पतंगालाही. गोळीला का नको?

जुळे_सोलापूर: ताई, 'मिराज'ला काय लिहिलंत?

सातरस्ता: मृगजळ.

जुळे_सोलापूर: ते नका लिहू. दुर्बिणीत पाणी दिसत नाही, लक्ष्यासमोर तापलेल्या हवेच्या लाटा दिसतात. वारा जिकडं वाहतो तिकडं त्या कलतात. सरळ वर उकळताना दिसल्या की आडवा वारा नाही. त्यावरून नेम सरकवायचा असतो, यालाच 'मिराज वाचणं' म्हणतात.

पूर्वभाग: ह्या झळा की! एप्रिलात अक्कलकोट रस्त्यावर दुपारी डांबरावर नाचतात त्याच.

शुद्धमराठी: झळ अंगाला लागते. डोळ्यांना दिसतं ते मृगजळ.

पूर्वभाग: सर, उन्हाळ्यात सोलापुरात या. झळा दिसतात.

सातरस्ता: 'झळा' लिहितेय. वाचणारे सोलापूरचेच आहेत.

शुद्धमराठी: पुण्याचा वाचक 'झळा वाचा' म्हणजे काय समजेल?