अधिवृक्क ग्रंथीवरील गाठ: शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे का थांबायचे?

प्रश्न (तासगाव):
माझ्या आईला वर्षभर अधूनमधून छातीत धडधड, दरदरून घाम आणि असह्य डोकेदुखी असे झटके येत होते. द्राक्षबागेत वाकून काम करताना ते हमखास येत आणि वीस मिनिटांत ओसरत, त्यामुळे दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्तदाब नेहमीसारखा भरे व ‘काळजीमुळे होते’ एवढे ऐकून आम्ही परतत असू. आता मिरजेच्या तपासण्यांत डाव्या अधिवृक्क ग्रंथीवर 4 सेंटिमीटरची गाठ, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, असल्याचे निष्पन्न झाले आहे. गाठ सापडूनही शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे का ठेवली असावी?

उत्तर (मिरज, निवृत्त भूलतज्ज्ञ):
ताई, हा विलंब नव्हे. उपचार सुरूच झाला आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील या ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन स्रवतात, आणि गाठ तीच संप्रेरके वारेमाप सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात आणि शरीरात खेळणाऱ्या रक्ताचे प्रमाणही घटते. अशा स्थितीत भूल दिली किंवा गाठीला धक्का लागला तर रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत चढू शकतो, आणि गाठ निघताच तो कोसळू शकतो. म्हणून 7 ते 14 दिवस आधीपासून अल्फा-ब्लॉकर गोळ्या देऊन रक्तवाहिन्या सैल करतात. रक्तदाब असूनही डॉक्टरांनी मीठ व पाणी वाढवायला सांगितले, तर ती चूक समजू नका. सैल झालेल्या वाहिन्या भरून निघायला हव्यात. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर मात्र अल्फा-ब्लॉकरचा परिणाम झाल्यानंतरच देतात. हा क्रम उलटला तर रक्तदाब आणखी भडकतो.

उत्तर (कराड):
माझी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. त्या अल्फा-ब्लॉकर गोळ्यांनी नाक चोंदायचे आणि एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा आईंना अंथरुणातून सावकाश उठवा, रात्री तर विशेष जपा.

प्रश्नकर्ती:
आपले दोघांचे मनापासून आभार. आईला पूर्वी धडधडीसाठी दिलेली एक गोळी अजून चालू आहे. हा आजार आम्हा भावंडांनाही होऊ शकतो का?

उत्तर (मिरज):
ती गोळी आजच शल्यचिकित्सकांना दाखवा; स्वतःहून बंद करू नका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा आजार जनुकीय दोषातून येतो, म्हणून आईंची जनुकीय तपासणी अवश्य करून घ्या. त्यांच्यात दोष आढळला, तरच तुम्हा भावंडांच्या तपासणीचा प्रश्न येतो. गाठ निघाल्यावरही दरवर्षी मेटानेफ्रिनची (याच संप्रेरकांपासून शरीरात बनणाऱ्या घटकांची) तपासणी चुकवू नका, कारण गाठ काही वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते.