पीएचडीची पाच वर्षं एका रेणूच्या संपूर्ण संश्लेषणात घालवावीत का?

धरमपेठकर:
मंडळी, विषय जरा तांत्रिक आहे, पण ज्यांच्या घरात कुणी रसायनशास्त्रात एमएस्सी करतंय त्यांच्याही कामाचा आहे. नव्या पीएचडी विद्यार्थ्यांचे विषय ठरवायला नुकतीच आमच्याकडे बैठक झाली. एका विद्यार्थिनीला समुद्री स्पंजात सापडलेल्या रेणूचं संपूर्ण संश्लेषण हा विषय देण्यात आला. मी विरोध केला. बैठकीत पुरतं बोलू दिलं गेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

संपूर्ण संश्लेषण म्हणजे निसर्गाने केलेला रेणू बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांपासून, एकेक बंध जोडत, पहिल्यापासून बांधायचा. वीस पायऱ्यांचा मार्ग धरा. प्रत्येक पायरीला ८० टक्के माल हाती लागला तरी शेवटी उरतो १.१५ टक्के. आणि ८० टक्के हा चांगला आकडा झाला, रोजचा नव्हे.

इतकं करून औषध मिळतं का? मलेरियावरचं क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळं काढलं गेलं. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा पर्किन ते बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी क्विनीनपर्यंतचा मार्ग जाहीर केला, त्याचा जगभर गाजावाजा झाला. २००१ मध्ये स्टॉर्क यांनी आणखी नेटका मार्ग दाखवला. तरी आजही औषधाचं क्विनीन सालीतूनच येतं. कॅन्सरवरच्या टॅक्सॉलचं तेच. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर १९९२ मध्ये, आणि होल्टन व निकोलाऊ यांची संपूर्ण संश्लेषणं प्रसिद्ध झाली १९९४ मध्ये. कारखान्याने दोन्ही मार्ग घेतले नाहीत. युरोपातल्या यू झाडाच्या सुईसारख्या पानांतून अर्धा तयार रेणू मिळतो, त्याला बाजूची साखळी जोडली की काम होतं.

वर आपल्या गावाची हवा. अभिक्रियेत द्रावक म्हणून लागणारं डायएथिल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ गाठतो. बाटली उघडली की निम्मं ईथर हवेत. पावसाळ्यात हवेतली ओल अभिक्रियेत शिरते. रेणूची रचना तपासायला नमुने एनएमआरसाठी बाहेरगावी पाठवा, रिपोर्टची वाट पाहा. शिष्यवृत्ती तोवर संपते आणि मुलगी अकराव्या पायरीवर अडकलेली असते. अशी मुलं मी पाहिली आहेत. हुशार होती, आणि खचून गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. नैसर्गिक रेणूंवर काम जरूर करा, पण रेणू वनस्पतीतून काढा, त्यात एक-दोन नेमके बदल करा आणि लवकरात लवकर रोगावर काम करणाऱ्यांच्या हाती द्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात पोचलाय. तो प्रश्न दारात असताना आपण स्पंजाच्या मागे का लागतो?

प्रयोगवही:
सर, माझा पीएचडीचा विषयही संपूर्ण संश्लेषणाचाच आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

तुम्ही क्विनीन आणि टॅक्सॉल सांगितलंत, हॅलिकॉन्ड्रिन सोडून दिलंत. तोही स्पंजाचाच रेणू. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंज गोळा केला, त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळालं १२.५ मिलिग्रॅम. कॅन्सरच्या पेशींवर ते जबरदस्त चाललं, पण तेवढ्याशा मालावर रुग्णांपर्यंत जाणार कसं? समुद्र उपसला तरी पुरलं नसतं. १९९२ मध्ये हार्वर्डला योशितो किशी यांच्या गटाने त्याचं संपूर्ण संश्लेषण पुरं केलं. मधल्या टप्प्यांवरचे तुकडे चाचणीला दिले तेव्हा कळलं की रेणूचा उजवा अर्धा भागच पेशी मारतो, डाव्या शेपटीची गरजच नाही. त्या अर्ध्या भागावरून एरिब्युलिन घडलं. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. आजही ते साठच्या वर पायऱ्या चढून, पूर्णपणे कारखान्यातच बनतं. संश्लेषण झालं नसतं तर उजवा भाग पुरेसा आहे हे कळायला दुसरा रस्ताच नव्हता.

आणि रोजच्या कामाबद्दल. ड्राय आइस आणि असिटोनचं उणे ७८ अंशांचं बाथ लावायचं, ब्युटिललिथियम सिरिंजने थेंब थेंब सोडायचं, अर्ध्या तासाने टीएलसी प्लेट (अभिक्रिया कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणारी छोटी पाटी) काढायची. परमँगनेटमध्ये बुडवून गरम केली की जांभळ्या पाटीवर पिवळा ठिपका उठतो. तो सुरुवातीच्या मालाच्या वर आहे की खाली, शेजारी दुसरा फिकट ठिपका आहे का, यावरून पुढचा दिवस ठरतो. अभिक्रिया का फसली हे शोधताना मी जेवढं रसायन शिकले तेवढं कुठल्या वर्गात शिकले नाही. उन्हाळ्यात ईथरऐवजी टीएचएफ वापरता येतं, ते ६६ अंशांना उकळतं. ओलावा न चालणाऱ्या पायऱ्या आम्ही हिवाळ्यावर ढकलतो, नागपूरचा जानेवारी त्याला छान असतो. हवेमुळे विषय टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

मेडिकल चौक:
मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि सिकलसेलचे नमुने रोज पाहते. धरमपेठकर सरांशी सहमत आहे, कारण रसायनशास्त्राची मंडळी आमच्याकडे फार उशिरा येतात, बहुतेकदा प्रबंध छापून झाल्यावर.

सिकलसेलमध्ये काय होतं ते थोडक्यात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे करतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पेशी केशवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. रात्री अडीचला पोराला कडेवर घेऊन येणारी आई पाहिली की या विषयावर थंड डोक्याने बोलणं जड जातं.

आता नैसर्गिक रेणूचं. व्हॅनिलातला सुगंधी रेणू व्हॅनिलिन हिमोग्लोबिनला चिकटून विळा होणं रोखतो, हे परीक्षानळीत आधीच दिसलं होतं. पण तोंडाने घेतला तर शरीर त्याचा लगेच निकाल लावतं. त्याच जातीच्या अल्डिहाइड रेणूंवर काम होत होत व्हॉक्सेलोटर हे औषध आलं. अल्फा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनला ते धरतं. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. यात कुठे साठ पायऱ्यांचं संश्लेषण लागलं? साधा रेणू, नेमका प्रश्न, आणि रसायनतज्ज्ञ व डॉक्टर एका टेबलावर. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांची चिंता पुढे आली. म्हणजे आमच्या पेशंटच्या हाती पुन्हा मुख्यतः हायड्रॉक्सियुरिया हे जुनंच औषध. प्रश्न अजून उघडाच आहे.

बुटीबोरीवाला:
सर, गणित तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच सांगून राहिले तुम्ही. वीस पायऱ्या एका रांगेत कोण लावतं आता? रेणूचे दोन तुकडे करा, दहा-दहा पायऱ्यांत वेगवेगळे बनवा आणि शेवटी जोडा. सर्वात लांब रांग झाली अकरा पायऱ्यांची. त्याच ८० टक्क्यांनी साडेआठ टक्के माल येतो. सव्वा टक्क्याच्या आतबाहेर होतो आपण, तिथून साडेआठवर आलो. मार्ग कसा आखायचा यालाच तर संश्लेषण म्हणतात. रसायनशास्त्राचं १९९० चं नोबेल अमेरिकेच्या कोरींना मिळालं ते रेणू उलटा सोडवत नेऊन मार्ग आखायच्या पद्धतीसाठीच.

"वनस्पतीतून काढा आणि एक-दोन बदल करा" म्हणता, पण बदल जिथे करायचा तिथे हातच पोचत नसेल तर? टेट्रासायक्लिनचं उदाहरण घ्या. कित्येक वर्षं ही प्रतिजैविकं जिवाणूंकडून बनवून घेऊन त्यांत थोडेफार फेरफार करत होते. ठरावीक जागांच्या पलीकडे जाताच येत नव्हतं. २००५ मध्ये मायर्स यांच्या गटाने पूर्ण सांगाडाच तुकड्यांतून बांधायचा मार्ग काढला. मग सांगाड्यातल्या एका अणूंच्या कड्यावर फ्लोरीन बसवता आलं आणि त्यातून एरावासायक्लिन आलं, २०१८ ला मंजूर. जुन्या टेट्रासायक्लिनांना न जुमानणाऱ्या जंतूंवर ते चालतं. आयसीयूत जंतू औषधांना दाद देत नाहीत तेव्हा हेच लागतं नं.

मी कारखान्यात नवीन पोट्टे घेतो. ज्याने लांब संश्लेषण केलंय त्याला बॅच बिघडली की कुठे पाहायचं ते कळतं. पानांचा अर्क काढून चाचणीला दिलेला प्रबंध घेऊन आलेल्या मुलाला विचारलं की अर्कातला कुठला रेणू काम करतो, तर पुष्कळदा उत्तर नसतं. वाईट वाटतं, कारण मेहनत त्यानेही केलेली असते.

रानवाटा:
मी वनस्पतीशास्त्रातली. "रेणू वनस्पतीतून काढा" हे वाक्य इतकं सहज लिहिलंय की थांबावंच लागलं.

सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. हा रेणू १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी चीनच्या एका झाडातून काढला. त्याच दोघांनी पुढे टॅक्सॉलचीही रचना उलगडली. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. १९९६ मध्ये त्यावरून केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कॅन्सरच्या औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली, मागणी वाढली आणि आमच्या डोंगरांतून नरक्याचं लाकूड ट्रकांनी गेलं. साल किंवा पान काढून झाड वाचवता येईल असं तिथे नव्हतं, सगळं झाडच तोडायचं. गडचिरोली-मेळघाटात उद्या असा कुठला रेणू सापडला तर सर, पहिलं कोण पोचेल? डॉक्टर की ठेकेदार?

बरं, सदाफुली घ्या. नागपुरात घरोघरी कुंडीत असते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन तिच्यातूनच येतं. पण एक ग्रॅमसाठी सुमारे २,००० किलो वाळलेली पानं लागतात. २०२२ मध्ये कीसलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये सदाफुलीची विकरं (एन्झाइम) बसवून व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन हे दोन्ही अर्धे भाग मिळवले आणि ते रासायनिक रीतीने जोडून व्हिन्क्रिस्टीनचंच भावंड असलेलं व्हिनब्लास्टीन केलं. तुम्ही दोघंही फ्लास्क की जंगल असं भांडताय. माझ्या मते विद्यार्थ्यांनी विकरांचा मार्ग शिकावा. त्यासाठी जनुकशास्त्र येणारी माणसं रसायन विभागात घ्यावी लागतील, आणि तेच कुणाला नको असतं.

धरमपेठकर:
रानवाटाताई, नरक्याचा मुद्दा मान्य. "वनस्पतीतून" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे लागवडीची पिकं होती, जंगल नव्हतं. हळद, अडुळसा, कडुनिंब यांची पानं-कंद शेतात मिळतात.

पण यीस्टचा मार्ग औषधाच्या बाजारात टिकतोच असं नाही. मलेरियाचं आर्टेमिसिनिन यीस्टच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं होतं. शेतातल्या आर्टेमिसियाचे भाव पडले आणि ते उत्पादन परवडेनासं झालं.

प्रयोगवही, तुमची मेहनत आणि आवड दिसते. तरी किशींचं उदाहरण मला इथे लागू वाटत नाही. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, खालच्या मजल्यावर एनएमआर होतं आणि कर्करोगाच्या चाचण्या करणारी राष्ट्रीय संस्था पाठीशी होती. आपल्याकडे एक मुलगी, एक हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि संपत आलेली, रेणू शुद्ध करायला लागणारी सिलिका जेल. म्हणून मी विभागात अट सुचवली आहे: तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एखादा तरी रेणू जैविक चाचणीला गेलाच पाहिजे, नाहीतर विषय बदलावा. त्यावर मी ठाम आहे.

बुटीबोरीवाला:
या अटीला माझा सरळ विरोध. हॅलिकॉन्ड्रिन सापडल्यापासून संश्लेषण पुरं व्हायला सहा वर्षं गेली, तेही तुम्ही म्हणता तशा सगळ्या सोयी असताना. तीन वर्षांची घंटा लावली की मुलं सोपे विषय घेतील, तीस एकसारखे रेणू करतील आणि प्रत्येकापुढे एक आकडा लिहून मोकळी होतील. असे प्रबंध आधीच ढिगाने पडून आहेत. सिलिका जेल संपली असेल तर सिलिका जेल मागवा सर. विषय कशाला संपवता?

प्रयोगवही:
"विषय बदला" याला माझाही विरोध आहे. पण चाचणीला मी शेवटापर्यंत का थांबतेय, हा प्रश्न मला पटला. किशींच्या गटाचेही मधले तुकडे चाचणीला गेले होते. माझ्या रेणूचा लॅक्टोनवाला (एस्टरचं कडं असलेला) तुकडा तयार आहे, रचना तपासायचं एनएमआर आणि मास स्पेक्ट्रमही झालंय. मेडिकल चौकताई, पेशींवरच्या पहिल्या चाचणीला तुम्हाला किती माल लागतो? माझ्याकडे १८ मिलिग्रॅम आहे, त्यातलं थोडं पुढच्या पायरीसाठी ठेवावं लागेल.

मेडिकल चौक:
पाच मिलिग्रॅम पुष्कळ झालं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर हवी, आणि कॉलममधलं सॉल्व्हंट पूर्ण उडालेलं हवं, नाहीतर पेशी त्यानेच मरतात आणि आपण रेणूला श्रेय देऊन बसतो. डीएमएसओ या द्रावकात तुमचा रेणू विरघळतो का ते आधी बघा. सोबत तुमचा सुरुवातीचा, लॅक्टोन नसलेला रेणूही द्या, तुलनेला लागेल.