खो-खो शिकवताना मराठी आणि इंग्लिश दोन्ही हवं का? आणि शेवटची पंधरा मिनिटं गप्पांत घालवावीत का?

खोवाला_ठाणे

गेली चार वर्षं शनिवार-रविवार सकाळी मी ९ ते १४ वयाच्या मुलांना खो-खो शिकवतो. चाळीसेक मुलं आहेत, निम्मी समोरच्या टॉवर्समधली इंग्लिश मीडियमची आणि निम्मी महापालिकेच्या मराठी शाळेतली. सूचना दोन्ही भाषांत देतो, आणि खेळ संपला की पंधरा मिनिटं गोल करून बसतो, आज कोण चिडलं, कोण रडवेलं झालं, हरल्यावर काय वाटलं असं बोलायचं. नियम एवढाच की प्रत्येकाने एक तरी वाक्य आपल्या कच्च्या भाषेत बोलायचं, चुकलं तरी चालेल पण कोणी हसायचं नाही.

आता पालकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात सगळं इंग्लिशमध्ये घ्या, काही म्हणतात खो-खोत इंग्लिश कशाला घुसवता, आणि दोन्हीकडच्यांना ती पंधरा मिनिटं फुकट वाटतात. मागच्या आठवड्यात एकांनी दोन्ही मुलांना काढून घेतलं, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं. जागतिक आरोग्य संघटनेची जी दहा जीवनकौशल्यं शाळेत तक्त्यावर लावलेली असतात, निर्णय घेणं, ताण सांभाळणं, दुसऱ्याला समजून घेणं वगैरे, ती तक्त्यावरून कोणी शिकत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधे वळता येत नाही, दिशा बदलायची तर खुंट (मैदानाच्या टोकाचा खांब) गाठा नाहीतर खो द्या, म्हणजे आपल्या हातातली धाव दुसऱ्याला देऊन स्वतः त्याच्या चौकटीत बसायचं. आणि बसलेल्याने खो मिळायच्या आधी उठायचं नाही, उठला की फाउल. दहा वर्षांच्या पोराला हे दोन्ही फार जड जातं हो.

भाषेचं म्हणाल तर सहावीतली एक मुलगी आहे, महापालिकेच्या शाळेतली, एकेरी साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं) इतकी सुंदर पळते की टॉवरमधली पोरं तिच्याकडे शिकायला जातात. परवा ती त्यांना सांगत होती, "गो, कट, नेक्स्ट कट, डोन्ट सी फेस, सी शोल्डर". पोरांना बरोब्बर कळलं आणि कोणी हसलं नाही, कारण त्या क्षणी त्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं.

सातारी_मास्तर

३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण घेतलं त्या हक्काने लिहितो, तळमळ पटली, पद्धत नाही पटली. खेळ स्वतःच शिकवतो, त्यावर परत प्रवचन कशाला? जिल्ह्याच्या फायनलला आमची एक मुलगी पहिल्या मिनिटात बाद झाली आणि आम्ही हरलो, परतीच्या एसटीत बाकीच्या मुलींनी तिला खिडकीची जागा दिली आणि घरी पोचेपर्यंत त्या मॅचचा विषय काढला नाही. हे कोणी गोलात बसवून शिकवलं नव्हतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पोर दुखावलेलं असताना तुम्ही त्याला म्हणता एक वाक्य इंग्लिशमध्ये बोल. मग ते काय करणार, मनातलं बोलणार की शब्द जुळवणार? त्याला जेवढं इंग्लिश येतं तेवढंच दुःख ते सांगणार. २०२५ च्या जानेवारीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या, कॅप्टन प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. हा खेळ आपल्या मैदानांवर आपल्या भाषेत वाढलाय, त्याला इंग्लिशचं ठिगळ नको.

मुलुंडची_आई

मास्तर, आदर ठेवून विरोध करते. माझी मुलगी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्लिश शाळेत आहे. वर्गात तिला सगळं कळतं पण तोंड उघडत नाही कारण एकदा उच्चारावरून हसलेत, आणि ते हसू ती तीन वर्षं विसरलेली नाही. तिला इंग्लिशचा क्लास नकोय, जिथे चुकलं तरी काही जात नाही अशी जागा हवीय. वर्गात चूक म्हणजे मार्क गेले, मैदानावर चुकलं तर पुढच्या टर्नला परत उभी राहील. आमच्या जवळपास असं काही असतं तर पहाटे पाचला उठून नेलं असतं.

विदर्भ_एक्स्प्रेस

मी सगळं इंग्लिशमध्ये घ्या म्हणणाऱ्यांपैकी आहे आणि त्यात मला लाज वाटत नाही. मराठी मीडियममधून इंजिनिअर झालो, सात इंटरव्ह्यूत तोंडातून शब्द फुटला नाही. मराठी घरात मिळते, इंग्लिश मिळत नाही, आणि ज्याच्या घरात मिळत नाही त्यालाच तुम्ही आठवड्यातला अर्धाच तास देताय.

मुलुंडची_आई

पण दादा पूर्ण तास इंग्लिश झाला की तीच मुलं मागे जाऊन बसतील. मी घरात रोज बघते.

वस्तीतली_ताई

मी मुंबईत एका संस्थेच्या फुटबॉल प्रोजेक्टवर सहा वर्षं होते, नाव नको. आमच्याकडेही असाच गोल असायचा. सहा महिन्यांत पोरांना कळलं की टीमवर्क, लीडरशिप, कॉन्फिडन्स हे शब्द टाकले की भैया खूश होतो. पाहुणे आले की तीच वाक्यं पाठ, आणि तीसुद्धा इंग्लिशमध्येच कारण पाहुण्यांना तीच भाषा कळायची. त्यामुळे दोन भाषा म्हटलं की मी आधी विचारते, दुसरी नक्की कोणासाठी आहे?

मात्र बोलणंच नको हे मास्तरांचं मला मान्य नाही. फुटबॉल३ म्हणून पद्धत आहे, तीन भाग असतात. आधी दोन्ही टीम बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग परत बसून एकमेकांच्या वागण्याला पॉइंट देतात. रेफरी नसतो, फक्त मध्यस्थ असतो. तिथे बोलण्याने निकाल बदलतो म्हणून पोरं खरं बोलतात, भांडतातसुद्धा. तुमच्या गोलातल्या बोलण्याने मैदानावर काय बदलतं?

खोवाला_ठाणे

ताई, प्रश्न लागला. दोन दिवस विचार करून लिहितोय.

मास्तर, कच्च्या भाषेचं तुमचं बरोबर आहे. मागच्या रविवारी एक पोरगा डोळ्यांत पाणी आणून "आय अ‍ॅम... आय अ‍ॅम..." करत अडकला आणि शेवटी "ओके" म्हणून बसला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, आता ते आठवून वाईट वाटतं. म्हणून नियम बदलतोय, मनातलं बोलायचं ते ज्याच्या त्याच्या भाषेत, आणि दुसरी भाषा फक्त एकमेकांना खेळ शिकवताना, त्या साखळीवाल्या मुलीसारखी.

पण गोल बंद करणार नाही. एका मुलाला सलग तीन आठवडे जवळजवळ खोच दिला जात नव्हता, हळू पळतो म्हणून सगळे त्याच्या शेजारच्याला द्यायचे. तो तसाच चौकटीत वाट बघत बसायचा. मी खुंटाजवळ उभा असून मला दिसलं नाही, गोलात तो बोलला तेव्हा कळलं.

सातारी_मास्तर

हे तुम्हाला दिसायला हवं होतं, रागावू नका. कोणाला किती खो मिळाले हे मास्तरने बोटांवर मोजायचं असतं. पण पोरगा बोलला हे चांगलं झालं, एवढं तुमच्या गोलाला देतो. आता मिळतो का त्याला खो?

खोवाला_ठाणे

मिळतो, पण अजून कमीच. या रविवारी टर्नची सुरुवात त्याच्यापासून करतोय, आठ जण बसलेले असतील आणि पहिला खो तो देईल. आणि हो, मोजायला वही घेतलीय.