कोंबड्यांसोबत परसात बदके पाळता येतील का?

परसबाग_कुडाळ

नमस्कार. कुडाळजवळच्या गावात आमचे घर असून घरामागे सुमारे आठ गुंठ्यांचे परस आहे. त्यात नारळ, पोफळी, केळी, अळू आणि पावसाळी भाज्यांचे वाफे आहेत. आम्ही बऱ्याच वर्षांपासून गावठी कोंबड्या पाळतो. सध्या लहानमोठ्या मिळून पंधराएक कोंबड्या आहेत आणि त्या रात्री जांभ्याच्या, वर कौले असलेल्या खुराड्यात बसतात. अलीकडे पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायींचा उपद्रव इतका वाढला आहे की भेंडी-वालीची कोवळी रोपे एका रात्रीत फस्त होतात. कोंबड्या तेथेच चरत असल्यामुळे विषारी गोळ्या टाकायला मन धजत नाही. बदके गोगलगायी खातात असे ऐकून चार-पाच बदके आणण्याचा विचार आहे. ती कोंबड्यांच्याच खुराड्यात राहतील का, खाणे एकच चालेल का आणि आमच्याकडे विहीर असली तरी तळे नाही, त्याने अडेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_पशुवैद्य

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. दिवसा दोन्ही पक्षी एकाच परसात चरायला हरकत नाही. रात्री मात्र एका खुराड्यात ठेवू नका. बदकाची विष्ठा अतिशय पातळ असते, त्यात ते पिताना सांडलेले पाणी मिसळते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत खाली घातलेले भाताचे तूस दोन-तीन दिवसांत ओलेगच्च होऊन त्यातून अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो. अशा ओल्या तुसात कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने परिपक्व होतात. हे जंतू बदकांकडून येत नाहीत, ते कोंबड्यांच्याच विष्ठेत असतात. बदके केवळ त्यांना हवी असलेली ओल पुरवतात. त्यामुळे बदके ठणठणीत आणि कोंबडीची पिल्ले पंख पाडून बसलेली, असे चित्र दिसते आणि दोष कशाचा हे लक्षात येत नाही. शिवाय कोंबड्या दांडीवर बसतात आणि बदके जमिनीवर, म्हणजे वरची घाण रात्रभर खालच्या बदकांच्या पाठीवर पडत राहते.

खुराड्याशेजारीच, पण उताराच्या बाजूला, बदकांसाठी वेगळी बुटकी खोपी करावी. एका बदकाला तीन ते चार चौरस फूट जागा पुरते. दांडीची गरज नाही; गरज आहे ती चांगल्या हवेची आणि मजबूत जाळीची, कारण जमिनीवर झोपणारे बदक मुंगूस, रानमांजर आणि कोल्हा यांच्या तावडीत कोंबडीपेक्षा लवकर सापडते.

खाण्याबाबत दोन गोष्टी सांगतो. बदकाच्या पिल्लांना नायसिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरीच जास्त, म्हणजे किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम असते. ते कमी पडले की पिल्लांचे पाय वाकतात आणि ती बसून राहतात. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य देत असाल तर त्यात यीस्टची पूड मिसळावी आणि थोडी कुटलेली सुकट घालावी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्ले कमालीची संवेदनशील असतात. इंग्लंडमध्ये १९६० साली बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी मेले, त्या वेळी बदकांची पिल्लेही दगावली होती. पावसाळ्यात कुबट वास येणारी पेंड किंवा मका कोंबड्यांना चालून गेल्यासारखा दिसला, तरी तो बदकांपुढे ठेवू नये. खरे तर कोणापुढेच ठेवू नये.

आता रोगांविषयी. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो बदकांना सहसा जाणवत नाही, परंतु ती त्याचे वाहक होऊ शकतात. म्हणून कोंबड्यांना पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस दिल्याशिवाय बदके आणू नका. बदकांना आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान डक प्लेगची लस द्यावी. बर्ड फ्लूचेही तसेच आहे. भारतात त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. बदके या विषाणूचा संसर्ग बाहेरून काही न दाखवता बाळगू शकतात, म्हणून ज्या शेततळ्यावर वा खाचरात रानबदके उतरतात तेथे आपली बदके सोडू नयेत. अचानक मरतूक झाली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

अलिबागची_वाडी

डॉक्टरसाहेबांनी रोगांविषयी सविस्तर लिहिले आहेच, मी पाण्याविषयी आणि गोगलगायींविषयी लिहिते. तळे नसले तरी अडत नाही. बदकाला पोहायला मिळाले तर ते आनंदात राहते, परंतु त्याची खरी गरज चोच नाकपुड्यांच्या वरपर्यंत बुडेल इतके खोल पाणी ही आहे. आमच्याकडची बदके कण्यांचा एक घास घेतात, लगेच पाण्याकडे धावतात, चोच डोळ्यांपर्यंत बुडवून फुरफुरतात, डोके झटकतात आणि पुन्हा खाण्याकडे येतात. या ये-जा करण्यात घमेल्यातले स्वच्छ पाणी पाच मिनिटांत गढूळ होते आणि तळाशी कण्यांचा चिखल साचतो. हे पाणी कोंबड्या प्यायल्या तर त्या आजारी पडणारच. म्हणून कोंबड्यांचे पाणी दोन विटांवर ठेवलेल्या अरुंद तोंडाच्या भांड्यात असावे आणि बदकांचे घमेले परसाच्या अगदी खालच्या टोकाला, खडी पसरलेल्या जागेवर असावे. आमचे घमेले केळीच्या आळ्यालगत आहे. रोज सकाळ-संध्याकाळ ते तेथेच ओततो आणि त्या केळींना वेगळे खत घालावे लागत नाही. कोरडा भरडा बदकांच्या घशात अडकतो, त्यामुळे तो नेहमी पाण्यात कालवून, दोन तासांत संपेल इतकाच द्यावा.

गोगलगायींच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. लहान गोगलगायी आणि मातीतली अंडी बदके आवडीने खातात, पण मुठीएवढी शंखी गोगलगाय त्यांना गिळता येत नाही. मोठ्या गोगलगायी संध्याकाळी हाताला पिशवी बांधून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. पुढची पिढी बदके आवरतील. यात एक अडचण आहे. गोगलगायी रात्री आणि पहाटे बाहेर असतात, तर बदके बहुतेक अंडी पहाटेपासून आठ-नऊ वाजेपर्यंत घालतात, आणि लवकर सोडली तर ती अंडी बागेत कोठेही टाकून मोकळी होतात. आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे अंड्यांचा मोह सोडून त्यांना उजाडताच वाफ्यांत सोडतो आणि एरवी नऊनंतर. बदके कोंबडीसारखी माती उकरत नाहीत, हा मोठा फायदा आहे. मात्र रुंद पायांनी कोवळी रोपे तुडवतात आणि पालेभाजी तर सरळ खातात. लाल माठाच्या वाफ्याला जाळी हवीच.

चिखलातले अंडे उचलताच कोरड्या फडक्याने पुसावे आणि बदकाचे अंडे नेहमी पूर्ण शिजवूनच खावे.

खाकी_कॅम्पबेल

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात निवडावी. चांगल्या संगोपनात ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पण मला मुख्यतः नराविषयी सांगायचे आहे. पिल्ले काढायची नसतील तर नर ठेवूच नका, कारण अंड्यांसाठी त्याची गरज नसते. ठेवायचाच असेल तर पाच-सहा माद्यांमागे एकच ठेवा. माद्या कमी पडल्या की नर बदक कोंबड्यांवर चढू लागते. कोंबड्याला नसणारे जननेंद्रिय बदकाला असते, त्यामुळे कोंबडीला आतून गंभीर इजा होते आणि ती दगावूही शकते. पिल्ले मोठी होऊ लागली की आवाजावरून ओळख पटते: मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, आणि पुढे त्याच्या शेपटीवर वर वळलेली पिसे येतात.

परसबाग_कुडाळ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खोपी वेगळीच बांधतो आणि पाण्याची जागा पोफळींच्या खालच्या अंगाला करतो. एक शंका राहिली: आमची एक कोंबडी दर वेळी नेमाने खुडूक बसते. तिच्याखाली बदकाची अंडी उबवता येतील का?

अलिबागची_वाडी

अवश्य येतील, आणि खाकी कॅम्पबेल सहसा स्वतः खुडूक होत नसल्यामुळे कोंबडीच कामी येते. अंडी मोठी असल्यामुळे गावठी कोंबडीखाली सहा-सातच ठेवावीत, आणि कोंबडीला ती नीट फिरवता येत नसतील तर ती चरायला उठली असताना हाताने फिरवावीत. शेवटच्या आठवड्यात त्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. पिल्ले निघाल्यावर पिसे येईपर्यंत त्यांना खोल घमेल्यात उतरू देऊ नका, कारण कोंबडीच्या अंगाखाली वाढलेली लव लवकर भिजते आणि ती गारठतात. दोन्ही प्रकारची पिल्ले एकत्र हवी असतील, तर बदकाची अंडी आधी ठेवा आणि कोंबडीची सात दिवसांनंतर, कारण कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात आणि बदकाच्या अंड्याला २८.