पाणी घुसलेल्या खाणीत पुन्हा उतरताना

"एवढ्या अपघातानंतर कोण पुन्हा खाली उतरेल?" याचं उत्तर बऱ्याचदा पगाराच्या चिठ्ठीत असतं. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर कोलियरीत, म्हणजे कोळशाच्या खाणीत, नोव्हेंबर १९८९मध्ये पाणी घुसलं, आत अडकलेल्या ६५ जणांना वरून पाडलेल्या बोअरमधून (भोकातून) पोलादी कॅप्सूलने एकेक करून वर काढलं. अशा कामगाराने वरचं काम मागितलं तर भूमिगत भत्ता जातो, आणि वर जागा असतात कुठे एवढ्या?

तपासणी काय झाली ते मात्र विचारावंच. पाणी उपसलं म्हणजे खाण तयार झाली असं नाही. पातळी उतरते तशी जुन्या गॅलऱ्यांत (खाणीतल्या बोगद्यांत) कोंडलेली, ऑक्सिजन कमी असलेली हवा बाहेर येते. म्हणून आधी श्वसनयंत्र लावलेलं बचाव पथक जातं. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको, कार्बन मोनॉक्साइड ५० पीपीएमच्या (दहा लाखात ५० भागांच्या) वर नको, मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की माणसं बाहेर. छत पेलायला ठेवलेले कोळशाचे खांब भिजले की कडेने सुटतात, ते वेगळंच.

जुन्या, पाणी भरलेल्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही. परवानगी मिळाली तरी फेसच्या, म्हणजे खोदाई चालू असलेल्या भिंतीच्या, पुढे किमान ३ मीटर बोअर कायम हवं, बाजूंनाही. पण जुना नकाशाच चुकीचा असेल तर ते ६० मीटर मोजणार कुठून?