मदत हवी आहे: स्कॉटलंडची फक्त शहरं बघायची आहेत, मुक्काम एडिनबऱ्यात की ग्लासगोत?

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या कामासाठी सध्या न्यूकासलला आहे. काम लांबलंय, त्यामुळे मुक्काम वर्षअखेरपर्यंत वाढलाय. इथून एडिनबरा रेल्वेने जेमतेम दीड तासावर, पण मी मुद्दाम गेलेले नाही. कॉलेजच्या मैत्रिणींनी दमच भरलाय, "आम्ही आल्याशिवाय बघायचं नाही." आता सप्टेंबरच्या शेवटी त्या खरंच येतायत. दोघी पुण्याहून आणि एक जर्मनीत असते, ती तिथून. आठवडाभर हातात आहे.

ज्याला विचारावं तो सांगतो, एडिनबऱ्याला एक दिवस द्या आणि सरळ वर हायलँड्सकडे सुटा. व्हिडिओंमध्येही तेच. आम्हाला डोंगरांचं वावडं नाही, पण मिनीबसमध्ये बारा-बारा तास बसून काचेतून तळी बघण्यापेक्षा शहरात पायी हिंडायचंय. जुन्या गल्ल्या, म्युझियम, बाजार, आणि मध्येच कुठेतरी बसून वर्षांच्या साठलेल्या गप्पा. तेव्हा कृपया स्काय बेटाचा सल्ला देऊ नका. ते पुढच्या खेपेला.

अडचणी अशा. एकीचा गुडघा दुखतो. सपाटीवर ती आम्हा तिघींना मागे टाकेल, पण जिने आणि उतार नकोत. दुसरी शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं. गाडी भाड्याने घ्यायची हौस कुणालाच नाही. हॉस्टेल नको, स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट मिळाला तर उत्तम, कारण सकाळचा चहा आमच्या पद्धतीचाच लागतो.

एडिनबऱ्यातल्या फ्लॅटचे दर बघून डोळे पांढरे झाले. तेवढ्यात ग्लासगोला दोन खोल्या मिळून वर जेवणाचे पैसे उरतील असं दिसतंय. म्हणून विचार आला की ग्लासगोत राहून रोज एडिनबऱ्याला जावं. हा वेडेपणा आहे का? ऑफिसातल्या एकाने "ग्लासगोत बघण्यासारखं काय आहे?" म्हणून नाक मुरडलं. त्याच्या शेजारी बसणारा ग्लासगोचा. दोन दिवस त्यांचं बोलणं बंद होतं.

डंडी की ॲबर्डीन, हेही सांगा. एडिनबऱ्याचा किल्ला बघितल्यावर स्टर्लिंगचा बघायची गरज उरते का? आणि जर्मनीवाली म्हणतेय की तिच्या तिथल्या रेसिडेन्स कार्डावर इकडे येता येतं. मला ते पटत नाहीये.

– सायटोपी

अर्धा_पासपोर्ट:
बाकीचं नंतर, आधी शेवटचा प्रश्न. तुमची शंका बरोबर आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर जर्मनीचं कार्ड असो वा ब्लू कार्ड, व्हिजिटर व्हिसा लागतोच. अर्ज जर्मनीतूनच करता येईल. बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात, त्या काळात पासपोर्ट अडकून पडतो. तिला आजच फोन करा. तिकडे 'ईटीए (ऑनलाइन प्रवेश-परवानगी) काढ, झालं' असं कुणी सांगितलं असेल तर ते भारतीय पासपोर्टला लागू नाही.

केल्विनकाठ:
वेडेपणा अजिबात नाही, पण रोज ये-जा करू नका. ग्लासगोला 'स्वस्तातली धर्मशाळा' म्हणून वापरलंत तर दोन्ही शहरं हातची जातील. माझं स्पष्ट मत: अर्धे दिवस ग्लासगोला द्या, अर्धे एडिनबऱ्याला, आणि मुक्कामही तसेच वाटा. एडिनबरा पहिल्या तासातच खिशात घालतं. ग्लासगोला दीड दिवस लागतो, पण मग ते सोडवत नाही. मी इथे बरीच वर्षं आहे, तेव्हा पक्षपात गृहीत धरा.

शुक्रवार ते सोमवार ग्लासगो आणि आठवड्याच्या मधले वार एडिनबरा असं केलंत तर भाड्यातही फरक पडेल, कारण शनिवार-रविवारी एडिनबऱ्याचे दर आणखी चढतात. एडिनबऱ्याचं बजेट करताना एक लक्षात ठेवा, २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर तिथे ५ टक्के पर्यटक कर आहे. दोन शहरांमधली गाडी दर पंधरा मिनिटांनी, पाऊण-एक तासात पोचवते. ग्लासगोत क्वीन स्ट्रीट स्टेशनवर उतरायचं. सप्टेंबर २०२५ पासून इथल्या रेल्वे कंपनीने, स्कॉटरेलने, गर्दीच्या वेळचं जादा भाडं कायमचं बंद केलंय, त्यामुळे सकाळी आठलाही निघता येतं. नाटक-गाणं बघून रात्री फार उशीर झाला तर सिटीलिंकची ९०० नंबरची बस रात्रभर चालू असते.

ग्लासगोत वेस्ट एंडला राहा, हिलहेड किंवा केल्विनब्रिजच्या आसपास. तिथून केल्विनग्रोव्ह म्युझियम चालत. प्रवेश फुकट, आणि 'फुकट' म्हणजे बारकं नव्हे. एका दालनात छताला अख्खं स्पिटफायर विमान टांगलंय, खाली भुसा भरलेला हत्ती उभा आहे, आणि वरच्या मजल्यावर दालीचं ख्रिस्ताचं चित्र. दुपारी मधल्या मोठ्या हॉलमध्ये ऑर्गन वाजतो. तेव्हा गुडघेवाल्या ताईंना बाकावर बसवा आणि तुम्हीही बसा. नदीकाठचं रिव्हरसाइड म्युझियम वास्तुकार झाहा हदीदने उभारलेलं, जुन्या ट्राम आणि आगगाड्यांनी भरलेलं, सगळं सपाटीवर. बरेल कलेक्शन शहराच्या दक्षिणेला बागेत आहे, त्याला वेगळा अर्धा दिवस लागेल.

इथली सबवे १८९६ सालची, पंधरा स्टेशनं, एकच गोल. चुकीच्या दिशेच्या गाडीत बसलात तरी आज ना उद्या पोचता. पण गुडघा असेल तर सावध, लिफ्ट फक्त सेंट इनॉक आणि गव्हनला आहे. हिलहेडला सरकते जिने आहेत. रविवारी ती संध्याकाळी लवकर बंद होते, वेळ बघून ठेवा.

एक गोष्ट चुकवू नका. क्वीन स्ट्रीट स्टेशनपासून दोन मिनिटांवर मॉडर्न आर्टच्या गॅलरीसमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू. काढला की रात्रीतून कुणीतरी परत चढवतं, शेवटी पालिकेने नाद सोडला. पर्यटक शंकूचा फोटो काढून निघून जातात. तुम्ही खाली वाका आणि चौथऱ्यावरचा ब्राँझचा पट बघा, असईच्या लढाईचा आहे. होय, आपल्या जालना जिल्ह्यातली असई. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला यानेच हरवलं, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. बरोबर हायलँडर पलटणीही होत्या. मला त्या शंकूत दरवेळी थोडा न्याय दिसतो.

लीथची_माहेरवाशीण:
केल्विनकाठ, पक्षपात गृहीत धरला 😄 पण मुक्कामाची वाटणी मलाही मान्य आहे.

सायटोपी, एडिनबरा चढ-उतारांचं गाव आहे, तेव्हा गुडघ्यासाठी थोडी आखणी करा. वेव्हर्ली स्टेशन दरीत आहे. जुन्या गावात जायचं तर मार्केट स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडा. नकाशा तुम्हाला 'क्लोज' म्हणतात त्या बोळांमधून नेईल. बोळ देखणे आहेत, पण त्यातले बरेचसे म्हणजे नुसत्या पायऱ्या. तिथे फोनचं ऐकू नका. रॉयल माइल ही जुन्या गावातली मुख्य वाट किल्ल्यापासून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत सलग उताराची आहे. सगळे वरून खाली चालतात कारण दम लागत नाही, पण दुखऱ्या गुडघ्याला उतारच जास्त छळतो. वरचा निम्मा भाग चाला, मग चेंबर्स स्ट्रीटकडे वळून नॅशनल म्युझियममध्ये शिरा. हेही फुकट. क्लोन केलेली डॉली मेंढी तिथेच आहे, काचेत गोल फिरत उभी. आणि लिफ्टने गच्चीवर जा. किल्ला, आर्थर्स सीटची टेकडी, सगळं गाव समोर. २८७ पायऱ्या चढून लेखक वॉल्टर स्कॉटच्या स्मारकावरून, स्कॉट मॉन्युमेंटवरून, जे दिसतं त्याच्या जवळपासचं, पायऱ्यांशिवाय.

किल्ल्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, वेळ ठरवून मिळतं. रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते, ती वेळ साधा. तोफेला दचकणारी कुणी असेल तर तिला आधी सांगू नका.

तुमच्यातल्या दोघी आर्थर्स सीट चढल्या (२५१ मीटर, पण वारा डोंगरावरचाच) तर बाकी दोघींनी ट्रामने लीथला, म्हणजे एडिनबऱ्याच्या बंदराच्या भागात यावं. २०२३ पासून ट्राम विमानतळापासून थेट न्यूहेवनपर्यंत येते. शोअर भागात पाण्याकाठी सपाट रस्ता आहे, खायला-प्यायला भरपूर. राणीची जुनी बोट ब्रिटानियाही तिकडेच. तिकीट महाग आहे. मला विचाराल तर सोडा.

आणि असईला उत्तर म्हणून: किल्ल्याच्या तोंडाशी पांढऱ्या-तांबड्या रंगाची रॅम्से गार्डनची घरं दिसतील, त्यांच्यामागे पॅट्रिक गेडिस आहे. जुन्या गावातल्या पडक्या वस्त्या पाडून सपाट करण्याऐवजी दुरुस्त कराव्यात यासाठी झटणारा माणूस. तोच १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आमचा माणूस लढायला नाही, शिकवायला आला होता.

केल्विनकाठ:
मान्य, हा गुण तुम्हाला 🙏

सायटोपी:
खूप खूप आभार! जर्मनीवालीला फोन केला, ती आधी भांडली आणि मग अर्ज भरायला बसली. मुक्कामाची वाटणी सगळ्यांना पटली. आता स्टर्लिंग आणि डंडी-ॲबर्डीनचं कुणी सांगेल का? ग्लासगोहून पर्थ, डंडी करत एडिनबऱ्याला जावं असा एकीचा प्रस्ताव आहे. नकाशावर तर छान गोल दिसतो.

तागवाला:
डंडीत शिकलो, म्हणून लिहितो. गोल छान आहे, पण चार बायकांच्या चार बॅगा आठवा. त्या घेऊन म्युझियम हिंडणार का? सोमवारी सरळ एडिनबऱ्याला जा, बॅगा टाका आणि मधल्या एखाद्या दिवशी तिथून डंडीला जाऊन या. गाडीला सव्वा तास. या मार्गावर दोन्ही प्रसिद्ध पूल लागतात. आधी फोर्थवरचा तांबडा पूल, १८९० चा, आता जागतिक वारसा. तो गाडीतून नीट दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्या पोटात असता. हौस असेल तर येताना डलमेनीला उतरून खाली साउथ क्वीन्सफेरीत जाता येतं, पण वाटेत उतार आहे. मग डंडीच्या तोंडाशी टे नदीवरचा लांबच लांब पूल. खिडकीतून पाण्यात जुन्या पुलाचे बुंधे ओळीने दिसतात. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात तो पूल वरच्या गाडीसकट कोसळला. बांधणारा टॉमस बाउच फोर्थच्या पुलाचाही आराखडा करत होता, ते काम काढून घेतलं गेलं. फोर्थचा पूल एवढा दणकट का दिसतो, त्याचं उत्तर टेच्या पाण्यात आहे.

स्टेशनसमोरच जपानी वास्तुकार केंगो कुमाचं व्ही अँड ए हे डिझाइनचं म्युझियम आणि त्याला लागून दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉट ज्या जहाजातून अंटार्क्टिकाला गेला ते डिस्कव्हरी. पण खरी डंडी बघायची तर व्हर्डंट वर्क्स या जुन्या ताग गिरणीत जा. बंगालचा ताग बोटीने इथे यायचा, व्हेल माशाच्या तेलात मऊ करून त्याची पोती विणली जायची. पुढे तेच कारखाने हुगळीकाठी उभे राहिले आणि इथल्या गिरण्यांना टाळं लागलं. आपल्या गिरणगावाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

ॲबर्डीन सोडा. गाव वाईट नाही, ग्रॅनाइट उन्हात चमकतो, पण एडिनबऱ्याहून जाऊन-येऊन पाच तास गाडीत जातील. निघण्याआधी मात्र कुठलं म्युझियम कोणत्या वारी बंद, हे बघून घ्या.

केल्विनकाठ:
स्टर्लिंग ग्लासगोहून करा, अर्धा-पाऊण तास. एडिनबऱ्याच्या किल्ल्यात गर्दी आणि तोफा, स्टर्लिंगला आत राजवाडा आहे, रंगवलेल्या छतांसकट, आणि शांतपणे बघता येतो. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी स्टर्लिंग म्हणेन. लीथकर ओरडतील. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत चढ आहे, टॅक्सी करा, चौघींत काही लागत नाही. तिथल्याच वॉलेस मॉन्युमेंट या मनोऱ्याला २४६ पायऱ्या, अरुंद आणि गोल. गुडघ्याला बाहेरूनच नमस्कार.

लीथची_माहेरवाशीण:
ओरडत नाही, स्टर्लिंगचं खरं आहे.

शाकाहारी मैत्रिणीसाठी लिहायचं राहिलं. हॅगिस हा मूळ मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा इथला पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस जवळपास सगळीकडे मिळतं, डाळी-ओट्स-मसाल्याचं, बिनधास्त मागवा. धोका साध्या दिसणाऱ्या गोष्टींत असतो. मसूरडाळीचं सूप बऱ्याचदा हॅमच्या पाण्यात शिजवलेलं असतं. आणि फिश-चिप्सच्या दुकानातल्या बटाट्याच्या चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. दोन्ही ठिकाणी आधी विचारायचं, कुणाला राग येत नाही. गोड म्हणून 'टॅबलेट' घ्या, दूध-साखर-लोण्याची रवाळ वडी, आपल्या बर्फीची गोडीत हाताबाहेर गेलेली बहीण. एकीत चौघींचं भागतं.

सायटोपी:
चरबीचं बरं सांगितलंत, ती चिप्सवरच दिवस काढणार होती. तर आता असं ठरतंय: पुणेकरणी एडिनबरा विमानतळावर उतरून त्याच दिवशी ग्लासगोला, मी न्यूकासलहून तिथेच. सोमवारी एडिनबरा, मध्ये एक दिवस डंडी. एक शेवटचं. छत्र्या आणायला सांगू का? आणि अंधार किती वाजता पडतो?

तागवाला:
अंधार सातच्या सुमारास. छत्री नको, एडिनबऱ्याचा वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करतो. टोपीवालं जाकीट, वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं. पुण्याहून काही मागवायचंच असेल तर चहाची पावडर मागवा, छत्री राहू द्या.

अर्धा_पासपोर्ट:
आणि न्यूकासलहून निघताना गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. बेरिकच्या पुढे समुद्र अगदी रुळाला लागून येतो. व्हिसाचं काय झालं ते इथे कळवा.